प्रूफवरची सही

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, रोज सकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्या मंडळींनाही नाही. दोन-तीनदा लिहायला बसलो. प्रत्येक वेळी भलतंच काहीतरी लिहून उठलो — नोकरीतल्या गमती, नातवाचे प्रताप, गुडघ्यांचं दुखणं. माणूस स्वतःलाच किती सफाईनं चुकवतो, नाही? आज तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसला आहात असं समजून लिहितो. कदाचित मध्येच अडेन. पण या वेळी उठणार नाही.

मी मोजणी खात्यात होतो. पस्तीस वर्षं लोकांची शेतं मोजली. कराड, पाटण, मध्ये थोडे दिवस तासगाव. भाऊ भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्या काढत असायचे आणि मी मध्ये नकाशा पसरून बसलेला. कुणाचा चहा घेतला असेल, त्यापलीकडे काही घेतलं नाही. रेघ जिथं होती तिथंच दाखवली. हे मिरवायला सांगत नाही. या नावाचा पुढं मी काय उपयोग केला ते तुम्हाला कळावं म्हणून आधी सांगून ठेवतो.

संपतची ओळख अशाच एका मोजणीत झाली. पाटणच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेला. त्याची आणि शेजाऱ्याची हद्दीवरून तक्रार होती. मोजल्यावर रेघ संपतच्या विरुद्ध गेली. दोन हात जमीन त्याची नव्हतीच. मला वाटलं, आता हा फौजी आवाज चढवणार. तर तो हसला. म्हणाला, "चला साहेब, निदान भांडान तरी मिटलं. कमल, च्या टाक." तेव्हापासून आमची मैत्री. तो मला चारचौघांत साहेब म्हणायचा आणि दोघंच असलो की गड्या.

कमलवहिनी म्हणजे त्याची बायको. तो सरहद्दीवर असताना हिनं एकटीनं शेत केलं, सासू-सासऱ्यांचं केलं. मूलबाळ नव्हतं. संपतच्या बहिणीचा मुलगा, दीपक, शाळेपासून यांच्याकडेच वाढला. त्याला वहिनींनीच लहानाचा मोठा केला. पुढं त्यानं सांगलीला, माधवनगरच्या वाटेवर, छोटा छापखाना टाकला. म्हणजे मी सांगतोय तेव्हा तो चाळिशीचा बाप्या होता, पण वहिनी त्याला शेवटपर्यंत "दीपक्या, जेवलास का?" असंच फोनवर विचारायच्या.

निवृत्तीनंतर मी मोजणीच्या आठवणी लिहिल्या. दोन प्रकाशकांकडे पाठवल्या. एकाचं उत्तर आलं नाही, दुसऱ्याचं आलं ते आलं नसतं तर बरं होतं. मग ठरवलं, आपणच छापायचं. आणि आपणच छापायचं तर कव्हरही आपणच करायचं. का नाही? आयुष्यभर नकाशे काढले होते. अक्षर बरं होतं. पट्टी, पेन, शाई — सगळं हाताखालचं.

पहिली सहा-सात कव्हरं कागद कापून केली. मग मुलाचा जुना लॅपटॉप घेतला आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकायला लागलो. मला तोवर वाटायचं, कव्हर म्हणजे पुढचं पान. तसं नसतं. मागचं पान, मधला कणा आणि पुढचं पान असा एकच लांब कागद असतो, तो पुस्तकाला गुंडाळायचा. कण्याची रुंदी पानांच्या जाडीवर. तेवढ्याच पानांची वही दाबून मी पट्टीनं जाडी मोजायचो, तिथं माझा हात लगेच बसला. पण चारी बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्तीचं सोडायचं असतं, कापताना ते जातं — हे माझ्या हाताला काही केल्या पटेना. जन्मभर लोकांना हद्दीच्या आत राहा म्हणून सांगितलं आणि आता मीच हद्दीबाहेर जायचं? आठवडाभर माझी सगळी कव्हरं कडेला पांढरी चीर घेऊन यायची. झालेलं कव्हर मी जुन्या पंचांगाला गुंडाळून टीव्हीवर उभं करायचो आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघायचो. एकदा बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "हे पुस्तक आहे की खताची पिशवी?" दोघं खूप हसलो. ते दिवस खरंच चांगले होते. त्या वयात काहीतरी नवीन हाताला येतंय याचा आनंद मी तुम्हाला कसा सांगू?

याच दिवसांत कमलवहिनी गेल्या. कावीळ झाली, पंधरा दिवसांत खेळ आटोपला.

संपतनं रडारड केली नाही. शंभरपानी वह्या आणल्या आणि लिहीत सुटला. त्याचं शिक्षण सातवीपर्यंत, पण काय लिहिलं होतं म्हणून सांगू! फौजेत दर वर्षी तो काही दिवसांची रजा मागं ठेवायचा, निवृत्तीआधी एकदम घेऊन हिला हिंडवून आणीन म्हणून. ते हिंडणं राहूनच गेलं होतं. वह्या माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "ह्याचं बुक हुईल का रं? नाव मी ठरवलंय. शिल्लक रजा." बुक हवं होतं ते वर्षश्राद्धाला. त्या दिवशी सगळे पाहुणे येणार. प्रत्येकाच्या हातात एक प्रत द्यायची आणि कव्हरवर तिचा फोटो. त्याला बाकी काही नको होतं. वहिनींचा धड असा एकच फोटो होता — भुईमुगाच्या रानात उभ्या आहेत, ऊन पाठीमागून आलंय, डोक्यावरच्या पदराची सावली चेहऱ्यावर, आणि हसतायत.

मी म्हणालो, "माझं राहू दे. तुझं आधी करू. कव्हर मी करतो."

संपतचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरून बसला. त्याला वाटलं, हा आपलं पुस्तक मागं ठेवतोय आणि माझं पुढं घेतोय. आणि मी तसं वाटू दिलं.

खरं काय होतं? खरं असं होतं की, कागदावर कसं उमटतं हे मला अजून माहीत नव्हतं. स्क्रीनवर जमत होतं. छापून काय येईल याची धास्ती होती. पहिलं पुस्तक बिघडणार असेल, तर ते माझं नको. नवशिका न्हावी जसा दुसऱ्याच्या डोक्यावर हात बसवतो — मी संपतच्या पुस्तकावर हात बसवायला निघालो होतो. हे वाक्य मी मनात कधी उघडपणे म्हटलं नाही. पण मनातलं आपल्याला कळत का नाही?

कव्हर केलं. सगळीकडे संध्याकाळचा गडद रंग, वर पांढऱ्या अक्षरात नाव, खाली भुईमुगाचं रान आणि वहिनी. स्क्रीनवर फार सुंदर दिसत होतं. छपाई अर्थातच दीपककडे. मी एकटाच सांगलीला गेलो. छपाईआधी एक नमुना कागद काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. तो बघून आपण सही करायची. सही झाली की पुढं जे छापून येईल ते आपल्या जबाबदारीवर.

दीपकनं प्रूफ टेबलावर पसरलं आणि बराच वेळ बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, मामीचा चेहरा बुडतोय बघा. स्क्रीनला मागनं उजेड असतोय, कागदाला नसतोय. जरा उजळ करायला पायजे."

किती साधी गोष्ट. पण मला ती माहीत नव्हती. आणि सहा महिने मी गावभर सांगत होतो की कव्हर करणं मी शिकलो. मशिनवरचा कामगार आमच्याकडे बघत होता. मला वाटलं, हसतोय. कदाचित हसतही नसेल. दीपक पुढं म्हणाला, "मी करू का? तुमचं बाकी कायबी हलवत न्हाई. मामीचं तोंड मला पाठ हाय."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मला तसंच हवंय. संध्याकाळचं वातावरण आहे ते." खिशातलं पेन काढलं आणि सही केली. चांगली लफ्फेदार, नकाशावर करायचो तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "काका, अजून छपाईला घेतलं न्हाई. येकदा इचार करताय का?" मी म्हणालो, छाप. म्हणजे एकदा नाही, दोनदा. त्यानं मला दोनदा सांगितलं होतं.

वर्षश्राद्धाला सहा दिवस होते तेव्हा गठ्ठे माझ्या कराडच्या घरी आले. संपत पहिल्या गाडीनं आला, पिशवीत नारळ आणि झेंडूची फुलं. दोरी त्यानंच कापली. वरचं पुस्तक उचललं. चष्मा काढून पुसला, परत लावला. पुस्तक खिडकीपाशी नेलं. मग माझ्याकडं वळून अगदी साध्या आवाजात विचारलं —

"ह्यात कमल कुठं हाय रं?"

रान दिसत होतं. लुगडं दिसत होतं. पदराखाली नुसता काळोख होता.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं. संपत, माझ्याकडून चुकलं, एवढंच. तो रागावलाही नसता, मला खात्री आहे. पण तोंडातून दुसरंच निघालं, आणि इतक्या सहज निघालं की जणू आधीपासून तयार ठेवलं होतं. "छापखान्यात शाई जास्त मारली वाटतं. मी दिलं होतं ते चांगलं होतं." आणि लॅपटॉप उघडून दाखवलंसुद्धा. स्क्रीनवर वहिनी हसत होत्या.

संपत म्हणाला, "चल सांगलीला."

दीड-दोन तासांच्या त्या प्रवासात माझ्याकडे सांगायला वेळच वेळ होता.

छापखान्यात शिरला तो दीपकच्या टेबलावर पुस्तक आपटूनच. "जिनं तुला न्हाऊमाखू घातलं, तिचं तोंड वळखंना झालंय. डोळं फुटलं हुतं का रं तुझं?"

दीपकनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी कागद कापायच्या मशिनकडं पाहत होतो. त्यानं खण उघडला, प्रूफ काढलं. "मामा, रागावू नगा. हे बघा, काकांची सही हाय. मी त्यास्नी सांगिटलं हुतं—"

संपतनं त्या कागदाकडं पाहिलंच नाही. हातानं बाजूला सारला. "कुणाला सांगतोस? ह्या माणसानं माझी जमीन मोजून माझ्या इरुद्ध दिली. ह्यानं बांध कवा बोटभर सरकवला न्हाई. आन तू मला शिकवतोस, ह्यो खोटं बोलतोय म्हून?"

त्या पस्तीस वर्षांचा मला काय उपयोग झाला, तो असा.

दीपक कागद हातात धरून उभा होता. पुन्हा माझ्याकडं पाहिलं. या वेळी मी नजर चुकवू शकलो नाही. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता वाट बघत होता. मी बोलेन म्हणून. किती वेळ? मोजणाऱ्याला ते तरी सांगता यायला हवं. मी बोललो नाही. मग त्यानं कागद परत खणात ठेवला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा. माझंच चुकलं. मी परत छापून देतो."

"नगं," संपत म्हणाला. "आन वर्षश्राद्धाला यायचं कारण न्हाई."

पाटणच्या स्टुडिओतून संपतनं वहिनींच्या त्या फोटोच्या लहान प्रती काढून आणल्या. आम्ही दोघांनी त्याच्या ओसरीवर बसून प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक एक फोटो डिंकानं चिकटवला. दोन दिवस. तो डिंक लावायचा, मी फोटो बसवायचो. माझे फोटो अगदी सरळ बसत, त्याचं त्याला कौतुक. "मोजणीदाराचा हात हाय," म्हणायचा. प्रत्येक फोटो चिकटवल्यावर अंगठ्यानं हलकेच दाबायचा, लहान मुलाच्या गालाला हात लावावा तसा. मध्येच म्हणाला, "तू हुतास म्हून झालं बघ हे." मी पुढचा फोटो उचलला.

वर्षश्राद्ध पार पडलं. पाहुण्यांनी पुस्तकं नेली. दीपक आला नाही. मामा आणि भाचा — त्या घरात बापलेकापेक्षा जवळचं नातं होतं ते. त्यानंतर फोन बंद, येणं-जाणं बंद. संपतची बहीण मध्ये पडली, तिलाही त्यानं गप्प बसवलं.

पुढच्या वर्षी माझं पुस्तक आलं. छापलं दुसरीकडे. कव्हरवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोटो होता. मी तो आधी चांगला उजळ करून घेतला, प्रूफ दोनदा काढलं, खिडकीत धरून बघितलं. फार सुरेख आलं. इथल्या वाचनालयात छोटा कार्यक्रम झाला. कुणीतरी विचारलं, कव्हर कुणी केलं हो? मी म्हणालो, मीच, सगळं स्वतःच शिकलो. टाळ्या झाल्या. संपत पहिल्या रांगेत होता. सगळ्यात जोरात तोच वाजवत होता.

स्वतःच शिकलो? मी कमलवहिनींच्या चेहऱ्यावर शिकलो.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण जे सांगायला बसलो ते अजून राहिलंच आहे.

दोन वर्षांपूर्वी संपत आजारी पडला. छातीत पाणी झालं होतं. कराडला दवाखान्यात ठेवला होता, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी रोज जायचो. मोसंबी सोलून द्यायचो, पेपर वाचून दाखवायचो. रोज घरून निघताना ठरवायचो, आज सांगायचं. एक दिवस दुपारी, वाचता वाचता त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"गड्या, दीपक्याला बोलवू का रं? लय वाटाय लागलंय. येवढं बी त्यानं काय मोठं केलं न्हवतं."

पेपर माझ्या हातात होता. दीपकचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. एक फोन केला असता, तो तासा-दोन तासांत आला असता. पण तो आला असता तर — मामाजवळ बसला असता, दोघं बोलले असते, आणि कदाचित या वेळी संपतनं ऐकून घेतलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. एवढंच आलं. दुसरं काही नाही.

मी म्हणालो, "आधी बरा हो. घरी गेल्यावर निवांत बोलवू."

"बरं," म्हणाला. लहान मुलासारखं. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता ना.

चौथ्या दिवशी संपत गेला.

सावडायच्या दिवशी कराडच्या संगमावर दीपक आला होता. सगळ्यांच्या मागं, पाण्याच्या कडेला उभा. केस बरेच पांढरे झालेले. विधी आटोपल्यावर माझ्याजवळ आला, वाकून पाया पडला — माझ्या — आणि खालच्या आवाजात विचारलं, "काका, तुमी शेवटपर्यंत जवळ हुतासा. मामा कवा काय बोलला का माझ्याबद्दल?"

मी म्हणालो, शेवटी फारसा शुद्धीवर नव्हता रे.

त्यानं मान हलवली. माझी पिशवी उचलून रिक्षापर्यंत आणून दिली.

आता खरं लिहून ठेवतो. प्रूफवर सही माझी आहे. दीपकनं मला दोनदा सावध केलं होतं. छपाईत त्याची काडीचीही चूक नव्हती. आणि त्याच्या मामानं शेवटच्या आठवड्यात, पूर्ण शुद्धीवर असताना, त्याला बोलवायला सांगितलं होतं. कुणी बोलवू दिलं नाही, तेही लिहिलं आहे. वय झालं होतं, भीती वाटली, लाज वाटली — यातलं काहीच मी पुढं करत नाही. लाज दीपकलाही वाटली असेल, त्या दिवशी, स्वतःच्या कामगारासमोर. तरी तो माझ्यासाठी गप्प बसला.

दवाखान्याच्या जिन्यात मी रोज एक वाक्य म्हणत वर जायचो. पाठ झालं होतं. वर जाऊन मोसंबी सोलायचो. ते वाक्य असं होतं — संपत, वहिनींचा चेहरा मी घालवला, आणि नाव दीपकचं घेतलं. मी तुझा गुन्हेगार आहे रे, त्याला बोलाव.